साताऱ्याच्या गोडोलीतला ड्रायर : दुरुस्तीच्या नोंदी, जुलै-ऑगस्ट २०२५

२ जुलै, बुधवार

ड्रायर फिरतोय, पण कपडे थंडगार बाहेर येतायत. दोन तास लावला, तरी चादर हाताला गारच.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. तेव्हापासून दांडीवर काही वाळल्याचं आठवत नाही. मागच्या गॅलरीतून अजिंक्यतारा किल्ला दिवसातून घटकाभर दिसतो, बाकी वेळ नुसतं धुकट. त्यात आई (माझ्या सासूबाई) आठ महिने अंथरुणावर आहेत. रोज तीन चादरी, दोन गाऊन, चार टॉवेल, शिवाय अंगाखालची घडी. चादर हाताला कोरडी वाटली तरी आत सर्द असेल, तर तासाभरात आईंची पाठ लाल होते. मागे एकदा अशाच एका लालीची जखम झाली आणि ती भरायला सात आठवडे लागले. त्यामुळे हे यंत्र आमच्याकडे औषधाच्या कपाटाइतकं गरजेचं आहे. म्हणून यावेळी सगळं तारखेनिशी लिहून ठेवते.

मशीन सहा वर्षांचं, ५.५ किलोचं. गरम ओलसर हवा पाइपातून बाहेर फेकणारं, पाण्याची टाकी नसलेलं. हीटर २००० वॅटचा.

रात्री एक गोष्ट करून पाहिली. फ्रिज, पंखे, दिवे सगळं बंद केलं, फक्त ड्रायर चालू ठेवला आणि बाहेर महावितरणच्या मीटरजवळ उभी राहिले. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर लिहिलंय की ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. लेकीने मोबाइलवर एक मिनिट धरलं, मी मोजलं. आठ. म्हणजे साधारण १५० वॅट. ही झाली नुसत्या मोटरची वीज. हीटर चालू असता तर मिनिटाला शंभराच्या वर मोजावे लागले असते. मशीन न उघडता एवढं कळलं, की हीटरपर्यंत वीज पोचत नाही किंवा हीटरच तुटलाय.

३ जुलै, गुरुवार

कंपनीचा मेकॅनिक आला. दार उघडलं, हात घालून बघितला, म्हणाला हीटर गेलाय, सोबत कार्डही (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदला. साडेसहा हजार. मी विचारलं, हीटर मल्टिमीटर लावून तपासला का? म्हणाला, सहा वर्षांच्या मशीनमध्ये हेच असतं. मी त्याला तपासणीचे पैसे दिले आणि विचार करून सांगते म्हटलं.

भावजींना फोन केला. माझे धाकटे दीर, कोडोलीत राहतात, एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहेत. शनिवारी येतो म्हणाले. तोवर इस्त्री. एका चादरीला पंचवीस मिनिटं लागतात आणि शिवणीत ओल राहतेच.

५ जुलै, शनिवार

भावजी आले. आधी प्लग काढून बाजूला ठेवला. नुसतं बटण बंद करून चालत नाही. मग दहा मिनिटं थांबलो आणि मोटरच्या कपॅसिटरला (प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवणारा भाग) रोधक लावून तो रिकामा केला. मागचा पत्रा नऊ स्क्रूंवर आहे. स्क्रू चहाच्या बशीत ठेवले आणि कोणता कुठला ते कागदावर काढून ठेवलं, कारण त्यातले दोन लांब आहेत.

हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून मल्टिमीटर लावला. २६.८ ओहम. माझ्या वहीत आधीच हिशेब केला होता: २३० व्होल्टचा वर्ग भागिले २००० वॅट, म्हणजे २६.४५ ओहम. हीटर ठणठणीत होता. न तपासता बदलला असता तर पैसे गेले असते आणि मशीन तसंच थंड राहिलं असतं.

पुढे थर्मोस्टॅट. आत हवा ठरावीक तापली की हा हीटर तोडतो, निवली की परत जोडतो. थंड असताना जोडलेला असायला हवा, तसाच होता. मग हीटरच्या डब्यावर दोन स्क्रूंनी बसवलेली रुपयाएवढी चकती, थर्मल कटआउट. मल्टिमीटरवर जोडणी दिसलीच नाही. उडालेला. हा शेवटचा पहारेकरी. थर्मोस्टॅटच्या हाताबाहेर गरमी गेली की हा तुटतो. आमच्या मशीनमधला एकदा तुटला की परत जुळत नाही, नवीनच घालावा लागतो.

भावजी म्हणाले, "वहिनी, ह्यो उडलाय फक्त. दोन वायरी एकत्र बांधतो, आत्ता चालू हुईल. पार्ट आला की बसवू."

मी नाही म्हटलं. मोह मलाही झाला. आत आईंच्या खोलीत दोन ओल्या चादरी पंख्याखाली लटकत होत्या. पण हा कटआउट काढून टाकायचा म्हणजे कापसाच्या धुळीने भरलेल्या पेटीत दोन हजार वॅटची शेगडी लावून वर लक्ष ठेवणारं कुणीच ठेवायचं नाही. आणि त्याच भिंतीपलीकडे आई झोपतात, त्यांना स्वतःहून उठून बाहेर येता येत नाही. भावजी थोडा वेळ चकतीकडे बघत बसले. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पण मग ह्यो उडला कशानं, ते बगाया पायजे."

खरा प्रश्न तोच आहे. चकती शंभर-दीडशे रुपयांची असेल. ती आपण होऊन मरत नाही, तिला कुणीतरी तापवलेलं असतं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

आज सकाळी साबुदाणा भिजत घालून थेट गॅलरीत. हवेचा मार्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडायचा, असं ठरवलं होतं.

मशीनचा मार्ग असा आहे. खोलीतली हवा मागून आत येते, हीटरवरून जाऊन तापते, ड्रममध्ये कपड्यांतली ओल घेते, दारातल्या जाळीच्या गाळणीतून निघते, पंखा तिला ढकलतो आणि चार इंची पाइपातून बाहेर सोडतो. पावसाळ्यात बाहेर नव्वद टक्के दमटपणा असताना ही हवा कपडे कशी वाळवते, हे मला पूर्वी कळायचं नाही. उत्तर साधं आहे. तीच हवा चोवीस अंशांवरून सत्तर अंशांपर्यंत तापवली की तिचा सापेक्ष दमटपणा दहा टक्क्यांच्याही खाली येतो. पाणी तेवढंच असतं, पण हवेची पाणी धरण्याची ताकद कितीतरी पट वाढते. मात्र ती ओल घेतलेली हवा बाहेर गेली पाहिजे. ती आत अडकली तर तापवून उपयोग शून्य.

पाइप काढला. तीन मीटरचा प्लॅस्टिकचा, सुरळीसारखा आखडणारा. जागा नसल्यामुळे मशीनमागे तो पोटासारखा खाली लोंबत होता. क्लॅम्प सोडवून टोक खाली केलं आणि त्यातून राखाडी पाणी आलं. दोन तांबे भरतील एवढं. वाफ गार पाइपात निवते, पाणी होऊन सखल भागात साचते, त्या पाण्यात कापूस बसतो. पाइपाच्या त्या पोटात ओल्या वाकळीच्या चिंध्यांसारखा लगदा झाला होता. चार इंचांपैकी वरची दीड इंच वाट उरली होती.

आणि शेवटचं टोक. मागच्या वर्षी चिमण्या आणि पाली आत येतात म्हणून यांनी खिडकीतल्या तोंडावर बारीक तारेची जाळी बसवली होती. मी स्टुलावर चढून बाहेरून पाहिलं, तर जाळी दिसेचना. जाळीच्या आतल्या अंगाला नमद्यासारखा थर बसला होता, हिरवट-करडा, आईंच्या गाऊनच्या रंगाचा. नखाने कोपरा उचलला आणि तो सबंध निघाला, पुरणपोळीसारखा गोल, जाळीच्या चौकटी उमटलेला. उजेडाकडे धरला, आरपार काही दिसलं नाही.

एवढं पाहिल्यावर गेल्या दोन महिन्यांचं सगळं उलगडलं. मे महिन्यात एक घाणा सव्वा तासात व्हायचा. जूनमध्ये पावणेदोन तास, मग सव्वादोन. मी म्हणायचे, हवाच दमट आहे. खरं तर हवा पुढे सरकत नव्हती. गरमी हीटरजवळच कोंडायची, थर्मोस्टॅट सारखा तोडायचा-जोडायचा, त्यामुळे हीटर निम्मा वेळ बंदच असायचा. घाण्याला वेळ लागतोय म्हणून मी टाइमर वाढवत गेले. शेवटी एके दिवशी गरमी कटआउटपर्यंत पोचली.

हे जाळी टाकून द्यायला निघाले होते. मी ठेवून घेतली. वहीत चिकटवणार आहे.

८ जुलै, मंगळवार

पोवई नाक्याजवळच्या सुट्या भागांच्या दुकानात कटआउट घेऊन गेले. दुकानदाराने दिसायला तसाच एक काढून दिला. मी भिंगाने दोन्हींवरचे आकडे वाचले. जुन्यावर तुटण्याचं तापमान छापलेलं आहे, नव्यावरचं वीस अंशांनी जास्त. आकार जुळतो म्हणून पार्ट जुळला असं नाही. वीस अंश जास्त म्हणजे तो वीस अंश उशिरा जागा होणार. परत दिला. जुन्यावरचा पूर्ण क्रमांक पुण्यातल्या एका विक्रेत्याला पाठवला, पार्ट परवा कुरिअरने येईल, असं तो म्हणाला.

यांनी चार इंची अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आणि तोंडाला लावायची झडप आणली. पंख्याच्या हवेने झडप उघडते, मशीन थांबलं की आपोआप मिटते. चिमण्यांचा प्रश्नही सुटतो आणि अडकायला जाळीही नाही.

९ जुलै, बुधवार

दारातली गाळणी. मी ती दर घाण्यानंतर हाताने पुसते, कधी चुकवलेलं नाही. तरी नळाखाली धरून पाहिली आणि पाणी वर थांबलं! जाळी स्वच्छ दिसते, आरपार उजेड दिसतो, पण पाणी जात नाही. मऊपणासाठी मशीनमध्ये टाकतो त्या द्रवाचा पातळ, मेणचट थर जाळीवर बसतो. डोळ्यांना दिसत नाही. भांड्याच्या साबणाने, जुन्या दातघासणीने दोन्ही बाजूंनी घासली. मग पाणी धारेने खाली पडलं. पूर्ण वाळू दिली. ओली गाळणी परत बसवायची नाही, धूळ तिला लगेच चिकटते.

गाळणीच्या खालची खाच भावजींच्या ब्लोअरने आणि लांब दांड्याच्या ब्रशने साफ केली. आतून आईंच्या ब्लाउजचे दोन हुक, एक सेफ्टी पिन, पन्नास पैशांचं नाणं.

तो मऊपणाचा द्रव आजपासून बंद. आईंच्या कातडीलाही तो नकोच होता.

१० जुलै, गुरुवार

पार्ट आला. भावजी ड्यूटी संपवून सहाला आले. आकडे जुळवले, बसवला, मल्टिमीटर लावून पाहिला, पत्रा लावला.

पाइपासाठी मशीनच सरकवून खिडकीखाली आणलं. तीन मीटरऐवजी नव्वद सेंटीमीटर, वळण एकच. पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवला, म्हणजे निवलेलं पाणी आत साचणार नाही. सांध्यांना स्क्रू मारले नाहीत. स्क्रूची टोकं आत निघतात आणि तिथेच कापूस धरायला लागतो. क्लॅम्प आणि वर अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी.

मशीन चालू. परत मीटरजवळ. लेक म्हणाली, "आई, मोजता येत नाहीये, फार पळतोय." व्हिडिओ घेऊन, हळू करून मोजलं. मिनिटाला ११४.

खिडकीतली झडप पूर्ण आडवी उघडलेली आणि बाहेर पावसात वाफेचा सरळ झोत. मी हात धरून उभी राहिले. गेल्या सहा वर्षांत तिथे एवढी हवा मला जाणवली नव्हती.

पहिला घाणा मुद्दाम तोलून केला. बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्यावर: कोरडे कपडे ३.१ किलो, धुऊन पिळून निघाले तेव्हा ५. म्हणजे १.९ किलो पाणी. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६७ युनिटची गरमी लागतेच, आणि आमच्यासारख्या हीटरच्या यंत्रात ती सगळी विजेतूनच येते. या पाण्याला किमान सव्वा युनिट. आमच्या ड्रायरने ६५ मिनिटं घेतली, त्यातली शेवटची दहा हीटरशिवाय गार करण्याची, आणि मीटरवर दोन युनिट पडले. उरलेली गरमी हवेबरोबर बाहेर गेली, ती जाणारच.

चादरीची शिवण ओठांना लावून पाहिली. ओल बोटांना कळत नाही, ओठांना कळते. कोरडी.

आई म्हणाल्या, "गरम हाय गं. उन्हातली वाटती."

१२ जुलै, शनिवार

प्लगजवळ जळकट वास. घाणा थांबवला. प्लग काढला तर एक पिन हात लावू देईना आणि सॉकेटचं त्या बाजूचं भोक तपकिरी झालेलं. सॉकेट १६ अँपिअरचंच आहे, वायरही जाड आहे, पण आतली पट्टी सैल झालेली. ड्रायर नऊ-साडेनऊ अँपिअर तासभर ओढतो. इतका वेळ, इतका करंट घरात दुसरं काही ओढत नाही, गीझरसुद्धा दहा-पंधरा मिनिटांत सुटतो. सैल जागी तेवढ्याने निखारा होतो. भावजींनी नवं सॉकेट बसवलं, अर्थिंग तपासलं. आता अर्ध्या घाण्यानंतर मी प्लगला उलटा हात लावते. कोमट चालेल, चटका नको.

एक्स्टेन्शन बोर्डवर ड्रायर कधीही नाही, हे लेकीला बजावलं.

१६ जुलै, बुधवार

संध्याकाळी आठला लावलेल्या घाण्याला पंचाऐंशी मिनिटं लागली. दुपारी तेवढेच कपडे ६५ मिनिटांत. मनात धस्स झालं. झडप पाहिली, उघडी. गाळणी स्वच्छ. मग सॉकेटला मल्टिमीटर: १९६ व्होल्ट.

हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. व्होल्टेज पंधरा टक्क्यांनी उतरलं तर हीटर पंधरा टक्क्यांनी उतरत नाही, २००० चा १४५० वर येतो. मीटर मोजला, मिनिटाला ८५. बरोबर जुळलं. मशीनला काही झालेलं नाही. आता दुपारी दोननंतर लावते, आईंची झोप झाल्यावर.

२० जुलै, रविवार

धुण्याच्या मशीनचं पिळणं ८०० फेऱ्यांवरून १२०० वर नेलं. तेच कपडे ५ ऐवजी ४.७ किलो भरले. तीनशे ग्रॅम पाणी मोटरने दोन-तीन मिनिटांत फेकलं, तेच गरमीने काढायला दहा मिनिटं आणि पाव युनिटच्या वर लागलं असतं. चादरींना १२००. आईंच्या मऊ गाऊनना ८००च, त्यांच्या शिवणी विरल्या आहेत.

२३ जुलै, बुधवार

हे लिहिताना मला अजून धाकधूक होतेय.

आईंना रोज सकाळी तिळाच्या तेलाने मालिश करतो. त्याचे टॉवेल मी इतके दिवस बाकीच्यांबरोबर धुऊन ड्रायरमध्ये टाकत होते. आज एक टॉवेल काढला तर गरम असताना त्याला शिळ्या, खवट तेलाचा वास. धुऊनही तेल धाग्यात राहतं. मी भावजींना सहज सांगितलं, तर ते एकदम गंभीर झाले. त्यांच्या कारखान्यात तेलाची फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यातच टाकायचा नियम आहे. तेल हवेशी मिळताना स्वतःच गरमी सोडतं. कपडे आधीच तापलेले आणि ढीग करून ठेवले की ती गरमी बाहेर पडत नाही, आत वाढत जाते. ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतात, तेही मशीन बंद झाल्यावर काही तासांनी.

आणि मी काय करत होते? रात्री घाणा लावायचा, गार होण्याआधीच दार उघडायचं, गरम ढीग टोपलीत दाबायचा, सकाळी घड्या.

आजपासून मालिशचे टॉवेल वेगळे. कढत पाणी आणि सोडा, दोनदा धुणं, मग घरात दोरीवर, कितीही दिवस लागोत. ड्रायरमध्ये कधीच नाही. आईंच्या अंगाखालचं मेणकापडही नाही, रबर आणि फोम नाही. शेवटची दहा मिनिटं गार होऊ द्यायची, मग लगेच कपडे सुटे करायचे. आणि घरात सगळे झोपलेले असताना किंवा घर रिकामं असताना मशीन चालवायचं नाही.

हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मशीनच्या वर चिकटवलं. दुपारी आईंना सांभाळायला येतात त्या मावशींना वाचून दाखवलं.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

ड्रम फिरताना चूं-चूं. पट्टा असेल म्हणून घाबरले. झाकण काढून पाहिलं, पट्टा शाबूत, आतल्या बाजूच्या सगळ्या रेघा धडधाकट. ड्रमच्या पुढच्या कडेला नमद्याची पट्टी असते, तिच्यात चादरीचा लांब दोरा गुंतला होता. चिमट्याने काढला. आवाज गेला.

१० ऑगस्ट, रविवार

महिना झाला. झडप काढून साफ केली: चिमूटभर कापूस. पाइपात हात घालून पाहिलं, कोरडा. गाळणी नळाखाली, पाणी सरळ खाली. सॉकेट कोमट. मीटर मिनिटाला ११५. तोललेल्या ४.७ किलोच्या घाण्याला ५६ मिनिटं.

आईंची पाठ आज दोन्ही कुशींवर वळवून पाहिली. कुठे लाली नाही.

पुढची साफसफाई ७ सप्टेंबर.